ग्रह की बटुग्रह? कागद, कॅल्क्युलेटर आणि मालव्याची रात्र

प्लूटो लहान म्हणून त्याला ग्रहांच्या यादीतून काढलं, हा समज अजून पक्का आहे. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने जो ठराव मंजूर केला, त्यात किलोमीटरचा एकही आकडा नाही. आहेत त्या तीन अटी. पिंड सूर्याभोवती फिरत असावा. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळपास गोल होण्याइतकं वस्तुमान त्याच्यात असावं. आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. तिन्ही जमल्या तर ग्रह. पहिल्या दोन जमल्या, तिसरी जमली नाही आणि पिंड कुणाचा उपग्रहही नाही, तर बटुग्रह. उरलेले सगळे सौरमालेतले लहान पिंड.

लोक भांडतात तिसऱ्या अटीवरून, पण खरा घोळ दुसरीत आहे. तिसरी अट घरबसल्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत तपासता येते आणि निकाल इतका स्वच्छ लागतो की वादाला जागा राहत नाही. दुसरीचं तसं नाही. म्हणून इथे आधी पहिली, मग तिसरी आणि शेवटी दुसरी असा क्रम घेतला आहे. सामान फार लागत नाही. कागद, मोबाइलमधला साधा कॅल्क्युलेटर, आणि पहिली अट डोळ्यांनी पाहायची असेल तर १० × ५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची हातातली दुर्बीण, दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) व इंदूरच्या दिव्यांपासून लांब एखादी मोकळी जागा.

पहिली अट: सरकतो का, आणि किती

तारे एकमेकांच्या संदर्भात जागचे हलत नाहीत. हलतो तो पिंड आपल्या सौरमालेतला. १ जानेवारी १८०१ रोजी पिआझी या खगोलशास्त्रज्ञाला पालेर्मोच्या वेधशाळेत मंगळ-गुरूच्या मधला सेरेस सापडला तो याच खुणेवरून. क्लाइड टॉम्बोने २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या छायाचित्रांच्या दोन काचा आलटूनपालटून पाहिल्या आणि १८ फेब्रुवारीला त्यातला उडी मारणारा ठिपका हेरला, तो प्लूटो. आज काचेच्या जागी कॅमेरा आणि डोळ्याच्या जागी संगणक आला, युक्ती तीच राहिली.

या सरकण्यातून अंतरही निघतं. पिंड आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला, म्हणजे प्रतियुतीला असताना त्याचं सरकणं मुख्यतः पृथ्वीच्या वेगामुळे दिसतं. सूर्यापासूनचं अंतर खगोलीय एककात (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर) घ्या, त्यात त्याचंच वर्गमूळ मिळवा, आणि त्या बेरजेने १४८ ला भागा. उत्तर येतं ते पिंड तासाला किती विकला सरकेल ते (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). सेरेससाठी २.७७ अधिक १.६६ म्हणजे ४.४३, १४८ भागिले ४.४३ म्हणजे तासाला सुमारे ३३ विकला, दिवसाला १३ कला. प्लूटो सध्या सुमारे ३५ एककांवर आहे, तो तासाला ३.६ विकलाच सरकतो. नेपच्यूनपलीकडचा एरिस ९६ च्या आसपास, तो जेमतेम १.४. हे सूत्र कक्षा वर्तुळाकार धरून केलेलं आहे, त्यामुळे लंबगोल कक्षेच्या पिंडाला थोडाफार फरक पडतो, पण पिंड मंगळ-गुरूच्या मधला आहे की नेपच्यूनच्या पलीकडचा हे पहिल्याच रात्री कळतं. उलट दिशेने वापरायचं तर अंतराचे दोन-तीन अंदाज घालून पाहा, उत्तर लगेच जवळ येतं.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात व्यावसायिक मंडळीही पडली आहेत. अमेरिकेतल्या पॅलोमार वेधशाळेच्या शोधमोहिमेत संगणकाला सांगून ठेवलं होतं की तासाला १.५ विकलांपेक्षा हळू सरकणारं काही दिसलं तर सोडून दे, कारण त्या पातळीला खोट्या सूचनांचा पूर येतो. ऑक्टोबर २००३ मध्ये टिपलेला एरिस त्यामुळे छायाचित्रांत असूनही निसटला. पुढे सेडना हा नेपच्यूनपलीकडचा पिंड सापडला, इतक्या लांबवरही काहीतरी आहे हे दिसलं, मर्यादा खाली आणून जुनी छायाचित्रं पुन्हा चाळली, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये एरिस हाती लागला. मोजमापाची चाळणी कुठे लावली आहे हे आधी विचारावं, ते यासाठी.

इंदुरातून सेरेस पाहायचा तर

पाच मान्य बटुग्रहांपैकी द्विनेत्रीत येणारा हा एकच. प्लूटो चौदाव्या प्रतीच्याही खाली गेला आहे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका पिंड मंद). त्याला दहा-बारा इंची दुर्बीण आणि खरोखर काळोखं आकाश हवं. सेरेसची प्रतियुती साधारण पंधरा महिने दहा दिवसांनी येते. २ ऑक्टोबर २०२५ ला एक झाली, पुढची जानेवारी २०२७ मध्ये, मिथुन राशीच्या दिशेला. तेव्हा तो सातव्या प्रतीच्या आसपास असेल, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या आवाक्याच्या किंचित बाहेर. इंदूर २२.७ अंश उत्तरेवर असल्याने मिथुनेतला पिंड मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. आपली स्थानिक मध्यरात्र प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे असते, त्यात जानेवारीत आणखी सहा-सात मिनिटांची भर. म्हणून बारा वाजता नव्हे, साडेबाराच्या पुढे तो सर्वांत उंच असेल.

सर्वांत उंच म्हणजे सर्वांत सोयीचा असं मात्र नाही. डोक्यावरच्या पिंडाकडे तिकाटण्यावरची द्विनेत्री वळतच नाही, मान मोडते ती वेगळी. साडेनऊच्या सुमारास पाहा. तेव्हा तो पूर्वेकडे ५० अंशांच्या जवळपास असतो, हवेचा थरही फारसा आड येत नाही. जास्त उशिरा पाहायचंच असेल तर गादी टाकून आडवं व्हा आणि द्विनेत्री कपाळावर टेकवा. राजवाडा-सराफ्याच्या बाजूचं आकाश या कामाला निरुपयोगी आहे. महूच्या पुढे जानापावकडे किंवा चोरलच्या बाजूला गेलं की फरक लगेच दिसतो. मालव्याच्या रात्रीचं कौतुक सगळे करतात, पण जानेवारीत पहाटे द्विनेत्रीच्या काचांवर दव धरतं हे कुणी सांगत नाही. फडक्याने पुसत बसू नका, काच ओरखडते. द्विनेत्री वापरात नसेल तेव्हा काचा खाली करून ठेवा.

नकाशा नवव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा घ्या. सातव्या प्रतीपर्यंतचा घेतलात तर द्विनेत्रीत दिसणारे निम्मे तारे नकाशात नसतील आणि प्रत्येक ठिपका सेरेस वाटेल. दुसरी चूक वेळेची. बहुतेक नकाशांत तारखेपुढे दिलेली जागा जागतिक वेळेच्या शून्य तासाची असते, म्हणजे आपल्याकडे त्या दिवशी पहाटे साडेपाचची. तुम्ही त्याच तारखेला रात्री दहाला पाहत असाल तर मधे साडेसोळा तास गेले, आणि तेवढ्यात सेरेस ९ कला पुढे सरकला. दाट तारकाक्षेत्रात एवढा फरक चुकीच्या ताऱ्यावर बोट ठेवायला पुरेसा आहे.

नकाशावरच्या जागेभोवतीचे पाच-सहा तारे वहीत काढा. दहाच्या वर जाऊ नका, हात थकतो आणि प्रमाण बिघडतं. तीन तारे निवडून त्यांचा त्रिकोण नीट काढा, बाकीचे त्या त्रिकोणाच्या आधाराने. वेळ लिहा. १० × ५० च्या द्विनेत्रीचं दृश्यक्षेत्र साधारण साडेसहा अंश, म्हणजे ३९० कला. एका रात्रीत सहा तासांत सेरेस तीन-साडेतीन कला सरकेल, ते हाताने काढलेल्या चित्रात दिसणार नाही. म्हणून दुसरं चित्र तीन दिवसांनी काढा. तोवर तो ४० कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीहून जास्त गेलेला असतो. दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर जो ठिपका जुन्या जागी नाही आणि नव्या जागी आहे, तो सेरेस. जुन्या जागचा ठिपका गेला पण नवा कुठेच दिसत नाही, असं झालं तर पहिल्या रात्री तुम्ही एखादा रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा तारा पकडला असण्याची शक्यता आहे, किंवा सरळ ठिपका चुकीच्या जागी काढला. हे सगळं प्रतियुतीच्या तीन आठवडे आगेमागे करा. त्यानंतर सेरेस आपल्या वक्री चालीच्या टोकाशी येऊन जवळपास थांबतो, आणि थांबलेला पिंड आणि तारा यांत द्विनेत्रीला फरक कळत नाही. पौर्णिमेच्या चार दिवस अलीकडेपलीकडे प्रयत्न करू नका.

उज्जैनच्या जंतर-मंतरची यंत्रं पाहून आलेल्यांना प्रश्न पडतो की मग सेरेस आपल्याकडे आधी का नाही सापडला. दगडी यंत्राने स्थान कितीही काटेकोर मोजता आलं तरी जे डोळ्याला दिसतच नाही ते मोजणार कसं? सेरेस प्रतियुतीलाही साडेसहाव्या प्रतीच्या वर येत नाही.

पहिल्या अटीतच उपग्रह बाद होतात. गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आणि शनीचा टायटन ५,१५० चा. बुध ४,८८० चा. दोघेही बुधापेक्षा मोठे, तरी ग्रह नाहीत, कारण त्यांची मुख्य फेरी सूर्याभोवती नाही.

तिसरी अट: आधी वस्तुमान

परिसर मोकळा केला की नाही हे पिंडाच्या वस्तुमानावर ठरतं, म्हणून आधी वजन काढायचं. उपग्रह असेल तर काम सोपं. पृथ्वी-चंद्राची जोडी माप म्हणून वापरा: उपग्रहाचं अंतर ३,८४,४०० ने भागून त्याचा घन करा, २७.३२ ला उपग्रहाच्या फेरीच्या दिवसांनी भागून त्याचा वर्ग करा. दोन्हींचा गुणाकार करून १.०१२ ने गुणा. उत्तर पृथ्वीच्या वस्तुमानाच्या पटीत. (१.०१२ कशासाठी, तर चंद्राचं स्वतःचं वजनही त्या जोडीत मोजलं जातं म्हणून.)

एरिसचा उपग्रह डिस्नोमिया ३७,३०० किलोमीटरवरून १५.७९ दिवसांत फेरी मारतो. अंतराचं गुणोत्तर ०.०९७, घन ०.०००९१३. दिवसांचं गुणोत्तर १.७३, वर्ग २.९९. गुणाकार ०.००२७३, आणि शेवटी ०.००२७७. म्हणजे एरिस पृथ्वीच्या सुमारे ३६० व्या हिश्श्याइतका. आता प्लूटो. त्याचा उपग्रह कॅरन १९,५९६ किलोमीटरवरून ६.३८७ दिवसांत फिरतो; हाच हिशेब केला की ०.००२४५ येतं. हे प्लूटोचं वजन समजलात तर चुकलात. कॅरन प्लूटोच्या आठव्या हिश्श्याइतका जड आहे, म्हणून हे दोघांचं मिळून वजन आहे; १.१२ ने भागा, प्लूटोचं ०.००२१८ मिळेल. एरिस प्लूटोहून २७ टक्के जड, व्यासाने मात्र किंचित लहान: २,३२६ विरुद्ध २,३७७ किलोमीटर. आणखी एक सावधगिरी. अंतराचा घन होतो, त्यामुळे अंतरात पाच टक्के चूक म्हणजे वजनात पंधरा टक्के.

उपग्रह सापडण्याआधी प्लूटोच्या वजनाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. शोधानंतरच्या वर्षांत तो पृथ्वीइतका जड मानला जाई. १९४८ मध्ये अंदाज पृथ्वीच्या दशांशावर आला. १९७८ मध्ये कॅरन सापडला आणि आकडा एकदम हजारांशाच्या घरात उतरला. प्लूटोला वगळण्याची सुरुवात प्रागच्या सभागृहात झाली नाही, ती या हिशेबात झाली.

उपग्रह नसेल तर व्यास आणि घनतेवरून अंदाज चालतो. व्यास १२,७४२ ने भागा, घन करा, आणि घनता भागिले ५.५१ ने गुणा. सेरेस: ९४० किलोमीटर, घनता २.१६, उत्तर ०.०००१५७. नासाच्या डॉन यानाने मार्च २०१५ पासून सेरेसभोवती फिरून मोजलेलं वजन यालाच जुळतं.

मग परिसर

मोकळा परिसर म्हणजे इंदुरात सकाळी झाडून निघालेला रस्ता असतो तसा कचराविरहित परिसर नव्हे. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे हजारो ट्रोजन लघुग्रह आहेत; पृथ्वीच्या वाटेत लघुग्रह येतच असतात. अट अशी की त्या कक्षेत सत्ता कुणाची चालते. जे पिंड उरले आहेत ते मोठ्याच्या गुरुत्वाकर्षणाने ठरवून दिलेल्या चाकोरीत आहेत का? प्लूटोचंच घ्या. तो १९७९ ते १९९९ या काळात नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, तरी दोघांची टक्कर होत नाही, कारण नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत प्लूटोच्या दोन होतात. १६५ वर्षांच्या तीन, २४८ च्या दोन, हिशेब जमतो. हा ताल नेपच्यूनने लावलेला आहे. "नेपच्यूनने तरी प्लूटोला कुठे हटवलंय?" असा प्रश्न नेहमी येतो. नेपच्यून प्लूटोच्या जवळपास ७,९०० पट जड आहे. हटवायची गरजच नाही, बांधून ठेवला आहे.

ठरावात यासाठी सूत्र नाही. ते नंतर खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं, आणि त्यातलं सर्वांत वापरायला सोपं ज्याँ-लुक मार्गो यांचं, २०१५ चं. सूर्यमालेपुरतं ते असं: पिंडाचं वस्तुमान पृथ्वीच्या पटीत घेऊन ८०७ ने गुणा, आणि सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या नऊ-अष्टमांश घाताने भागा. उत्तर एकपेक्षा जास्त तर तो पिंड सूर्याच्या आयुष्यात आपला परिसर मोकळा करू शकतो.

नऊ-अष्टमांश घात ऐकून दचकू नका. अंतराचा आकडा लिहा, वर्गमूळाचं बटण लागोपाठ तीनदा दाबा, आणि आलेल्या आकड्याला मूळ अंतराने गुणा. झालं. प्लूटोचं सरासरी अंतर ३९.४८: वर्गमूळ ६.२८, पुन्हा २.५१, पुन्हा १.५८, गुणिले ३९.४८ म्हणजे ६२.५. आता ८०७ गुणिले ०.००२१८ म्हणजे १.७६, भागिले ६२.५ म्हणजे ०.०२८. एकाच्या कितीतरी खाली. एरिस (अंतर ६७.९) ०.०२ आणि सेरेस (२.७७) ०.०४.

दुसऱ्या बाजूला मंगळ ५४, बुध १३०, नेपच्यून ३००, पृथ्वी ८०७, गुरू ४०,०००. ग्रहांतला सर्वांत कमी आकडा ५४ आणि बटुग्रहांतला सर्वांत जास्त ०.०४, मध्ये हजारपटीची दरी आणि तिच्यात एकही पिंड नाही. रेषा कुठे ओढायची यावर भांडता येईल, पण ५४ आणि ०.०४ च्या मध्ये ती कुठेही ओढली तरी यादी तीच राहते.

चुका बहुतेक एककांच्या होतात. अंतर किलोमीटरमध्ये घातलं की सगळेच नापास होतात. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घातलं की दगडगोटासुद्धा ग्रह ठरतो. वर्गमूळ दोनदाच दाबलं तर घात पाच-चतुर्थांश होतो. मंगळाला फारसा फरक पडत नाही, प्लूटोचा आकडा मात्र जवळपास दीडपटीने घसरतो. आणि प्लूटोचं आजचं अंतर घ्यायचं नाही, सरासरी घ्यायचं, नाहीतर दर काही वर्षांनी त्याचा आकडा बदलत जाईल.

हे सूत्र हाताशी असलं की गप्पांतली काही विधानं जागच्या जागी तपासता येतात. "पृथ्वी प्लूटोच्या जागी ठेवली तर तीही ग्रह राहणार नाही" हे फार ऐकू येतं. ८०७ भागिले ६२.५ म्हणजे १३, राहील की. मंगळसुद्धा तिथे १.४ ने निसटता पास होतो. बुध मात्र नेपच्यूनच्या अंतरावर, ३०.०७ वर ठेवला तर ०.९७ येतं आणि तो काठावर नापास होतो. म्हणजे जागेचा परिणाम आहेच, पण प्लूटोला वाचवण्याइतका नाही. त्याला पृथ्वीच्या जागी, एका एककावर आणून ठेवला तर आकडा १.७६ होईल. ज्यांना प्लूटोची बाजू लढवायची आहे त्यांनी हा मुद्दा वापरावा, लहान-मोठ्याचा नव्हे.

वजनाच्या अंदाजात चूक असेल तर? माकेमाकेवर पाहा. व्यास १,४३० किलोमीटर, अंतर ४५.४. घनता २ धरली तर आकडा ०.००६ च्या आत. हट्टाने तो अख्खा लोखंडाचा मानून घनता ७.९ धरली तरी ०.०२२. निकाल हलत नाही.

दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांना २००६ चा ठराव लागू नाही. तो फक्त सौरमालेपुरता आहे. मार्गोच्या मूळ सूत्रात ताऱ्याचं वस्तुमानही येतं, सूर्यासाठी ते एक असल्यामुळे वर गाळलं आहे.

दुसरी अट, जिथे पाय घसरतो

गोल आहे का हे ठरवायचं तर आधी व्यास हवा, आणि व्यास तेजावरून काढताना पृष्ठभाग किती प्रकाश परतवतो हे माहीत असावं लागतं. हिशेब असा: १,३२९ ला परावर्तकतेच्या वर्गमूळाने भागा, आणि दहाचा 'उणे निरपेक्ष प्रत भागिले पाच' इतका घात घेऊन त्याने गुणा. (यासाठी मोबाइल आडवा करून वैज्ञानिक कॅल्क्युलेटर उघडा.) निरपेक्ष प्रत म्हणजे पिंड सूर्यापासून आणि आपल्यापासून एकेका एककावर असता तर दिसली असती ती प्रत. एरिसची निरपेक्ष प्रत उणे १.१. त्याचा पृष्ठभाग ताज्या बर्फासारखा, ०.९६ प्रकाश परतवणारा. व्यास येतो सुमारे २,२५०, खऱ्याच्या जवळ. पण तो सेरेससारखा काळपट, ०.०९ चा मानला असता तर व्यास ७,३५० किलोमीटर आला असता, मंगळाहून मोठा! एकाच तेजाचे हे दोन निष्कर्ष. म्हणून फक्त तेजावरून काढलेल्या व्यासावर विश्वास ठेवू नये. बातमीत नव्या पिंडाचा आकार वाचला की तो कसा काढला ते शोधावं.

भरवशाची पद्धत पिधानाची. पिंड एखाद्या ताऱ्यासमोरून जातो, तारा काही सेकंद विझतो, आणि वेगवेगळ्या गावांतून किती सेकंद विझला यावरून सावलीचा आकार निघतो. एरिसचा २,३२६ चा आकडा ६ नोव्हेंबर २०१० च्या अशाच पिधानातून, चिलीमधल्या दुर्बिणींनी दिला. सावली सेकंदाला वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने धावते. तुमचं घड्याळ एक-दशांश सेकंद चुकलं तर व्यास दोन-अडीच किलोमीटर चुकला. म्हणून पिधान टिपणारे उपग्रहावरून येणारी वेळ थेट चित्रफितीत उमटवतात.

एका गावाहून एकच रेघ मिळते. तिच्यावरून व्यास सांगणं धोक्याचं, कारण ती रेघ मध्यातून गेली की काठावरून हे कळत नाही. किमान तीन हव्यात.

आता गोलाई. स्वतःच्या वजनाने खडक किंवा बर्फ दबून वाहू लागला की पिंड गोल होतो. सेरेसच्या मध्यभागी दाब सुमारे १४० मेगापास्कल, आपल्या वातावरणाच्या चौदाशे पट. एवढ्यात बर्फ-मातीचं मिश्रण नमतं. पण हा दाब किती हवा हे पदार्थावर, तापमानावर आणि पिंडाच्या इतिहासावर अवलंबून. शनीचा बर्फाळ मिमास ३९६ किलोमीटरचा आणि छान गोल. नेपच्यूनचा प्रोटियस सुमारे ४२० चा आणि खडबडीत. मोठा असून वेडावाकडा! वेस्टा ५२५ किलोमीटरचा, एके काळी वितळून बहुधा गोलही झाला होता, मग दक्षिण ध्रुवावर बसलेल्या धडकेने ५०० किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं आणि आकार गेला. त्याला बटुग्रह म्हणत नाहीत.

शिवाय गोल म्हणजे चेंडू नव्हे. हाउमेया ३.९ तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तो लांबट झाला आहे. लांब बाजू दोन हजार किलोमीटरहून जास्त. वेगाने फिरणाऱ्या द्रवाचा समतोल आकार असाच लांबट येतो, म्हणून तो अटीत बसतो असं मानलं गेलं. मग २१ जानेवारी २०१७ च्या पिधानात त्याचं कडं सापडलं आणि त्याबरोबर असंही दिसलं की आतून एकसारख्या घनतेच्या पिंडाला समतोलात हा आकार येणार नाही. बटुग्रहांच्या यादीतलं त्याचं स्थान तरी कायम आहे. काटेकोर मोजलं तर बुधाचा आकारही त्याच्या आजच्या संथ परिवलनाशी पूर्ण जुळत नाही, पण त्याला कुणी हात लावत नाही. ठरावात 'जवळपास गोल' असं म्हटलं आहे, आणि त्या 'जवळपास'ची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही.

दुर्बिणीतून दूरचा पिंड ठिपकाच दिसतो, म्हणून तेजाचा चढउतार मोजून आकार ओळखण्याची रीत आहे. लांबट पिंड फिरताना एका फेरीत दोनदा उजळतो, दोनदा मंदावतो. मात्र पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे असले तरीही तेज खालीवर होतं. प्लूटो नीट गोल आहे, पण त्याच्यावर गडद आणि उजळ प्रदेश इतके आहेत की नुसता आलेख पाहणारा त्याला लांबट समजेल. खूण अशी: आकारामुळे होणाऱ्या चढउताराची दोन शिखरं बहुधा सारखी असतात, डागांमुळे होणाऱ्याचं एकच शिखर किंवा दोन असमान शिखरं. खात्री हवी तर तो आलेख दोन वेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून काढा. डाग असतील तर दोन आलेखांत फरक पडतो, आकार असेल तर पडत नाही.

यादीत नसलेले

संघाने बटुग्रह म्हणून मान्य केलेले पाचच: सेरेस, प्लूटो, हाउमेया, माकेमाके, एरिस. क्वावार, गाँगगाँग, ऑर्कस, सेडना यांना बरेच खगोलशास्त्रज्ञ बटुग्रह म्हणतात, पण अधिकृत शिक्का नाही. याचं कारण अर्धं भौतिकीचं आणि अर्धं कार्यालयीन आहे. २००८ मध्ये ठरलं की नेपच्यूनपलीकडच्या ज्या पिंडाची निरपेक्ष प्रत अधिक १ पेक्षा तेजस्वी आहे, त्याचं नाव ठेवताना तो बटुग्रह धरावा. हा नियम नाव कोणत्या समितीने ठेवायचं एवढ्यासाठी होता. गोलाईची परीक्षा त्यात नाही. हाउमेया आणि माकेमाके त्या दारातून आत आले. गाँगगाँग सुमारे १,२३० किलोमीटरचा असूनही काळपट असल्यामुळे त्या प्रतीला पोचत नाही, म्हणून बाहेर.

अशा पिंडासाठी स्वतःच्या वहीत नोंद करताना दोन रकाने ठेवा. तिसऱ्या अटीपुढे आकडा लिहा, तो नक्की असतो: गाँगगाँगसह हे सगळे एकाच्या खूप खाली आहेत, यातला एकही ग्रह होणार नाही. दुसऱ्या अटीपुढे व्यास, तो कसा मोजला (पिधान, उष्णतेचं प्रारण की नुसतं तेज), आणि उपग्रहामुळे वजन कळलं असेल तर घनता. क्वावार, गाँगगाँग आणि ऑर्कस यांना उपग्रह आहेत, त्यामुळे त्यांचा हा रकाना भरता येतो. सेडनाला एकही माहीत नाही. त्याच्या घनतेची जागा कोरी सोडा.